पन्नास की शंभर?

वरळी नाक्यावर रात्री साडेनऊच्या पुढे औषधांच्या दुकानांतली गर्दी ओसरते. शुगरच्या महिनाभराच्या गोळ्या, पोरांच्या खोकल्याची बाटली, सांधेदुखीचं मलम असं गिऱ्हाईक आटोपलं की एक वेगळं गिऱ्हाईक येतं. हा माणूस काउंटरच्या मधोमध उभा राहत नाही. कडेला, वजनकाट्यापाशी थांबतो. एखादी बाई औषध घेत असेल तर ती जाईपर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालतो. मग जरा पुढे वाकून एका ब्रँडचं नाव घेतो, किंवा तेही न घेता नुसतं म्हणतो, ‘ती द्या ना.’ काउंटरवरचा मुलगा विचारतो, ‘पन्नास की शंभर?’ कात्रीने स्ट्रिप कापली जाते, गोळ्या खाकी पाकिटात जातात, नोटा गल्ल्यात. बिल दुकानदार देत नाही आणि गिऱ्हाईकही मागत नाही. सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटात उरकतो.

पन्नास की शंभर हा प्रश्न मिलिग्रॅमचा आहे आणि या व्यवहारात विचारला जाणारा तो एकमेव प्रश्न आहे. विचारायला हवेत असे आणखी चार-पाच प्रश्न आहेत. ते न विचारल्याचे पैसे कुठल्याच बिलावर लागत नाहीत, पण मोजावे लागतात.

आधी रोकड हिशेब. सिल्डेनाफिल, म्हणजे जिला सगळे ‘व्हायग्रा’ म्हणतात ती गोळी, आज देशी ब्रँडमध्ये साधारण वीस-पंचवीस रुपयांपासून साठ-सत्तर रुपयांपर्यंत मिळते. टॅडालाफिल, जिचा असर दीड दिवस टिकतो, तीही याच पट्ट्यात. शंभरची गोळी पन्नासच्या दुप्पट किमतीची नसते, म्हणून जाणते लोक शंभरची घेऊन ब्लेडने दोन तुकडे करतात. आठवड्यातून दोनदा म्हटलं तर महिन्याला तीनशे-साडेतीनशे रुपये. मुंबईत चहा-सिगरेटला याहून जास्त जातात. औषधांवरचा जीएसटी २०२५च्या सप्टेंबरात बारा टक्क्यांवरून पाचवर आला, त्याचा थोडा फायदा इथेही झाला.

ही गोळी इतकी स्वस्त कशी झाली, याचं उत्तर शोधायला वरळीकराला लांब जावं लागत नाही. नाक्यावरूनच निघणाऱ्या गणपतराव कदम मार्गावर, जिथे एकेकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा त्या लोअर परळच्या पट्ट्यात, सिप्लाचं मुख्य कार्यालय आहे. डॉ. अॅनी बेझंट रोडवर ग्लॅक्सोचं मुख्यालय अनेक दशकं राहिलं, आणि शिवसागर इस्टेटमधलं सँडोझ हाउस जुन्या वरळीकरांना पत्ता सांगायची खूण म्हणून माहीत आहे. या रस्त्यांनी वर्षानुवर्षं टाय लावलेले, काळी बॅग घेतलेले एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, पाहिले आहेत. गोळ्यांच्या धंद्याचं राजकारण इथे वर काचेच्या मजल्यांवर चालतं आणि किरकोळ विक्री खाली नाक्यावर.

सिल्डेनाफिल मूळचं फायझरचं, इंग्लंडातल्या केंट परगण्यात सँडविच नावाच्या गावी त्यांच्या प्रयोगशाळेत १९८९च्या सुमारास तयार झालेलं. ते हृदयाच्या दुखण्यासाठी, अंजायनासाठी होतं. त्या कामात ते फारसं चमकलं नाही. पण वेल्समधल्या मर्थर टिडफिल या खाणकामगारांच्या गावी चाचण्या चालू असताना स्वयंसेवकांनी एक भलताच दुष्परिणाम सांगितला, आणि कंपनीचे डोळे चमकले. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत परवानगी मिळाली. एका गोळीची किंमत तिथे दहा डॉलरच्या आसपास होती.

भारतात तेव्हा औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त ते बनवायच्या रीतीवर मिळायचं. १९७०च्या पेटंट कायद्याची ही देणगी, आणि तो कायदा तसा व्हावा म्हणून झटणाऱ्यांत सिप्लाचे युसुफ हमीद होते. त्यामुळे २००१च्या सुमारास बाजारात एकामागून एक देशी नावं आली. झायडस कॅडिलाची पेनेग्रा, रॅनबॅक्सीची कॅव्हर्टा, सन फार्माची एडेग्रा, सिप्लाची सुहाग्रा. कांदिवलीत मुख्यालय असलेल्या अजंता फार्माची कामाग्रा तर पुढे लंडनच्या चोरबाजारात इतकी खपली की तिथल्या औषध नियंत्रकांना तिच्याविरुद्ध इशारे काढावे लागले. फायझरने स्वतःची व्हायग्रा भारतात आणली ती २००५च्या अखेरीस, पेटंटचा नवा कायदा आल्यावर. पन्नास मिलिग्रॅमची गोळी ४६३ रुपये, शंभरची ५९४. तोवर देशी गोळी त्याच्या एका लहानशा हिश्श्यात मिळत होती आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी तिचं नाव बसलं होतं. अस्सल व्हायग्रा इथे कधी सामान्यांची झाली नाही. दर पाडण्याच्या बाबतीत आपल्या औषध कंपन्यांनी जे केलं त्याला दाद द्यायलाच हवी. पूर्वी जे फक्त पैसेवाल्याला शक्य होतं ते बीडीडी चाळीतल्या निवृत्त कामगाराच्याही खिशाला परवडू लागलं.

मग कायद्याचं काय? कायदा स्पष्ट आहे. ‘ओव्हर द काउंटर’ नावाचा वेगळा वर्ग भारतीय कायद्यात नाही. औषध एक तर चिठ्ठीचं, नाही तर बिनचिठ्ठीचं. ही गोळी चिठ्ठीची आहे, १९४५च्या औषध नियमांतल्या ‘शेड्यूल एच’मधली. सुरुवातीच्या काळात तर पाकिटावर छापलेलं असायचं की मूत्ररोग, मनोविकार, अंतःस्राव किंवा त्वचा-गुप्तरोग यांच्या तज्ज्ञाच्याच चिठ्ठीवर विकावी. म्हणजे साध्या एमबीबीएस फॅमिली डॉक्टरची चिठ्ठीही चालणार नाही. इतका कडक नियम आणि इतकी सैल विक्री अशी जोडी आपल्याकडे दारूबंदीच्या परमिटनंतर क्वचितच पाहायला मिळाली असेल. नियम जितका अशक्य, तितका तो मोडायला सोपा. पाळता येण्यासारखा असता तर निदान काहींनी तरी पाळला असता.

२०११ ते २०१४ या काळात महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी दुकानात फार्मासिस्ट हवाच, बिल हवंच, चिठ्ठी हवीच असा आग्रह धरला. परवाने निलंबित झाले, औषध विक्रेत्यांनी राज्यभर संप केले. त्या दिवसांत मुंबईत क्रोसिनला पण चिठ्ठी मागतात अशी कुरकुर घराघरांत ऐकू यायची. झगडे बदलून गेले आणि काउंटर पुन्हा पूर्वीसारखे झाले. विक्रेत्याची बाजूही ऐकण्यासारखी आहे. आपण प्रश्न विचारले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणार, हे त्याला ठाऊक असतं. आणि बहुतेक वेळा प्रश्न विचारायला तिथे फार्मासिस्ट नसतोच. त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि काउंटरवर बारावी झालेला मुलगा.

गिऱ्हाईक डॉक्टरकडे का जात नाही, हे विचारणं वरळीत जरा भाबडेपणाचं ठरेल. शंभर वर्षांपूर्वी, १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या इथल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तीत तीन पिढ्या, आणि संडास मजल्याच्या टोकाला. लग्न झालेल्या मुलासाठी पोटमाळा किंवा पडदा, आणि घरची बाकीची मंडळी रात्री गच्चीत, मैदानात, व्हरांड्यात. एकांत हा इथे वेळापत्रक पाहून मिळायचा. अशा ठिकाणी पुरुषाच्या मनात ‘आज जमेल ना’ ही धास्ती बसली तर नवल नाही, आणि धास्ती बसली की जमत नाही, हे वैद्यकशास्त्र सांगतं. फॅमिली डॉक्टरचा दवाखाना त्याच गल्लीत, कंपाउंडर ओळखीचा, बाकावर शेजारच्या काकू. अशा बाकावर बसून कुणी हे सांगणार आहे? औषधाच्या दुकानातही ओळखीचा पोरगा असतो, म्हणून वरळीचा माणूस गोळी घ्यायला दादर स्टेशनला उतरतो, आणि दादरचा बहुधा परळला जात असावा. आता टॉवर उभे राहिले. २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. दाराला कडी आली, पण तोंड उघडायची सवय काही किल्लीबरोबर मिळत नाही.

याच शहरात, गिरगावात, १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यापायी गेली. १९२७पासून १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, आणि त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना ते आडपडदा न ठेवता उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांना शंका आहेत तर त्या ज्ञानानेच दूर होतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. सत्तर वर्षांनी, २००५ मध्ये, ‘मुंबई मिरर’मध्ये डॉ. महिंदर वत्स यांनी प्रश्नोत्तरांचं सदर सुरू केलं तेव्हाही विचारणाऱ्यांचे प्रश्न फारसे पुढे सरकले नव्हते. वत्स २०२०च्या डिसेंबरात ९६व्या वर्षी गेले. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारींनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला, त्यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. वरळी नाक्यावरून केईएमला बसने पंधरा-वीस मिनिटं लागतात, केस पेपर नाममात्र पैशांत निघतो. तरी माणूस वजनकाट्यापाशीच उभा राहतो.

आता ते न विचारलेले प्रश्न.

पहिला: छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी तुमच्याकडे आहे का? सॉर्बिट्रेट हे नाव मराठी घरांत आजोबांच्या सदऱ्याच्या खिशामुळे सगळ्यांना माहीत असतं. ती नायट्रेट जातीची. सिल्डेनाफिल आणि नायट्रेट दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात, एकाच साखळीच्या दोन टोकांनी. नायट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि त्यातून रक्तवाहिनी सैल पाडणारा एक रेणू तयार होतो. सिल्डेनाफिल त्या रेणूचा नाश करणाऱ्या विकराला अडवतं. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब इतका कोसळू शकतो की माणूस परत उठत नाही. (नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाचा शोध लावणाऱ्या तिघांना नोबेल मिळालं तेही १९९८ मध्येच, आणि खुद्द आल्फ्रेड नोबेलला म्हातारपणी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीन घ्यायला सांगितलं होतं, ज्याचे सुरुंग विकून तो श्रीमंत झाला.)

दुसरा: प्रोस्टेटसाठी, लघवीची धार सुधारायला काही चालू आहे का? टॅमसुलोसिनसारखी औषधंही रक्तदाब उतरवतात. साठीच्या माणसाला प्रोस्टेट आणि ताठरतेची तक्रार ही दोन्ही दुखणी बऱ्याचदा बरोबरच असतात, आणि त्याने पंचवीसच्या मात्रेपासून सुरुवात करायची असते. त्याला काउंटरवर पन्नास की शंभर एवढाच पर्याय दिला जातो.

तिसरा: घेतली आहे का आज? म्हणजे दारू. २०२३च्या मार्चमध्ये वर्तमानपत्रांत नागपूरची म्हणून एक घटना आली होती, न्यायवैद्यकाच्या एका नियतकालिकात डॉक्टरांनी नोंदवलेली. ४१ वर्षांच्या माणसाने दारूबरोबर पन्नास मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या. सकाळी अस्वस्थ वाटू लागलं, उलट्या झाल्या. आधीही असं झालंय म्हणून त्याने डॉक्टरकडे जायचं टाळलं. मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. त्याने कुणाच्या सल्ल्याने गोळ्या घेतल्या नव्हत्या. अशी घटना विरळा असते आणि एका घटनेवरून घबराट पसरवू नये. लाखो लोक ही गोळी घेतात आणि त्यांना डोकेदुखी, तोंड लाल होणं, नाक चोंदणं यापलीकडे काही होत नाही. पण तो गेला, आणि त्याला विचारायला कुणी नव्हतं, हेही खरं.

चौथा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: हे कधीपासून होतंय, आणि पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का? असेल तर बहुधा नळ्या शाबूत आहेत, गाठ मनात आहे. पंचविशीतल्या बहुतेक पोरांची अडचण ही, आणि त्यांना गोळीपेक्षा अर्धा तास बोलणं जास्त उपयोगी पडतं. पहाटेही नसेल, आणि वय चाळीसच्या पुढे असेल, तर गोष्ट वेगळी. लिंगात रक्त नेणारी धमनी एक ते दोन मिलिमीटर रुंद, हृदयाची तीन ते चार. चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच साचतो. त्यात आधी अरुंद वाट बुजते. २००३ मध्ये इटलीतल्या फ्रांचेस्को मोंतोर्सी आणि सहकाऱ्यांनी छातीत दुखून आलेल्या तीनशे हृदयरुग्णांना विचारून पाहिलं. जवळजवळ निम्म्यांना ताठरतेची तक्रार होती, आणि त्यातल्या दोन तृतीयांशांना ती हृदयाच्या त्रासाच्या आधीपासून होती, सरासरी तीन वर्षांहून अधिक आधी. तीन वर्षं! एवढ्या काळात सिगरेट सुटू शकते, शुगर ताब्यात येऊ शकते, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू होऊ शकते. आयसीएमआरच्या २०२३च्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि त्यांतल्या अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊकच नाही. काही पुरुषांना शरीर पहिली खबर या मार्गाने देतं. चाळीस रुपयांची गोळी ती खबर दाबून टाकते. काम झालं, मग तपासायचं कशाला? मी ज्या किमतीबद्दल बोलतोय ती ही.

हे दुर्मीळही नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरात चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली, १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ५२ टक्क्यांना कमी-जास्त तक्रार होती. म्हणजे वजनकाट्यापाशी उभा असलेला माणूस बहुसंख्याकांपैकी आहे आणि त्याला वाटतं की सगळ्या वरळीत आपणच एकटे.

चिठ्ठीची सक्ती कडक करा, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. सक्ती कडक झाली तर हा माणूस डॉक्टरकडे जाणार नाही. तो लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या स्टिकरवरच्या नंबरला फोन लावेल, नाही तर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ कॅप्सूल मागवेल. कामशक्ती वाढवण्याच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे, सत्तर वर्षं झाली, स्टिकर तसेच आहेत. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. वरळीतच पोदार आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे ते रीतसर शिकवलं जातं. त्याच्याशी या कॅप्सूलचा काही संबंध नाही. अशा ‘जडीबुटी’त गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं असतं, असे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पुन्हापुन्हा काढले आहेत. त्या कॅप्सूलमध्ये किती मिलिग्रॅम आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि सॉर्बिट्रेट घेणारा माणूस तर ती निर्धोक समजून घेतो. त्यापेक्षा नाक्यावरची सीलबंद, बॅच नंबर असलेली स्ट्रिप कधीही बरी.

ब्रिटनने २०१८ मध्ये वेगळी वाट काढली. पन्नास मिलिग्रॅमची गोळी ‘व्हायग्रा कनेक्ट’ नावाने बिनचिठ्ठी खुली केली, चार गोळ्यांना १९.९९ पौंड. अट एकच, विकण्याआधी फार्मासिस्टने गिऱ्हाइकाला विचारायचं. हृदयाचं दुखणं, नायट्रेट, रक्तदाब, इतर औषधं. उत्तरं बरी वाटली नाहीत तर गोळी न देता डॉक्टरकडे धाडायचं, आणि दिली तरी लवकरच तपासणी करून घ्यायला सांगायचं. आपल्याकडे दर त्यांच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, चिठ्ठी कुणी मागत नाही, मग त्यांच्याकडचं उरलेलं तेवढंच आणायचं आहे. चिठ्ठीची खोटी अट काढा आणि फार्मासिस्टच्या प्रश्नांची खरी अट घाला. कापडी पडद्यामागे एक खुर्ची, भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा मालक दुकानात हजर, आणि या चार-पाच प्रश्नांचा मराठी-हिंदी कागद, बोलायला लाज वाटत असेल तर नुसती खूण करायला. औषध विक्रेत्यांच्या संघटना संप करू शकतात तर हेही करू शकतात.

ते होईपर्यंत वाचकांसाठी चार गोष्टी. चाळिशीनंतर ही तक्रार पहिल्यांदा सुरू झाली असेल तर गोळीआधी उपाशीपोटीची शुगर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या. पालिकेच्या ‘आपला दवाखाना’त डॉक्टरांची फी नाही, रक्ताच्या तपासण्याही मोफत होतात, आणि अनेक ठिकाणी रात्री दहापर्यंत दार उघडं असतं. तिथे फक्त शुगर तपासायला आलो म्हणून सांगितलं तरी चालेल. बिल मागा. ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर घरी वाट पाहू नका, रुग्णालय गाठा. आणि गोळी घेतल्यावर छातीत दुखलं, तर कॅज्युअल्टीत डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की अमुक गोळी अमुक वाजता घेतली आहे. बायको, मुलगा, सून शेजारी उभी असली तरी सांगा. सिल्डेनाफिल असेल तर चोवीस तास आणि टॅडालाफिल असेल तर अठ्ठेचाळीस तास तुम्हाला नायट्रेट देता येत नाही, आणि तुम्ही सांगितलं नाहीत तर ते पहिल्या पाच मिनिटांत दिलं जाण्याची शक्यता असते.